बिनदातांची कवळी

भद्रकालीच्या बाजारात बद्रुद्दीन दातवाल्याचा मोठा दबदबा. दात उपटावा तर त्यानंच आणि रबराची कवळी बसवावी तीही त्यानंच! एकोणीसशे चौतीस साली एका सकाळी रामकुंडावरचे उपाध्ये ढुंढिराज गाल धरून तिसऱ्यांदा दुकानात आले. मागच्या दोन खेपांना बद्रुद्दीननं त्यांचे सुळ्यामागचे दोन दात काढले होते. दुसऱ्या वेळी भटजींना घेरी आली, म्हणून आज त्यांच्या पत्नी अनसूयाबाई सोबत होत्या.

“हाही काढ बाबा,” ढुंढिराज म्हणाले. “पण जीव धाकधूक करतोय रे. दोन गेल्यापासून संकल्प सांगताना तोंडातून नुसता वारा जातो, यजमान हसतात. आणखी एक गेला, तर आमचे यजमान घाटावरचा माझा चुलतभाऊ पळवणार बघ.”

बद्रुद्दीननं पक्कड उचलली आणि सवयीनं दात ठोकून पाहिला. दुखला. शेजारचा ठोकला, तोही दुखला. खालचासुद्धा! आता मात्र गडी चमकला. कीड कुठंच नव्हती, पण दाढा झिजून पार सपाट झाल्या होत्या.

“दात आवळा, महाराज.” त्यानं जबड्यावर बोट ठेवलं, तर गाल सुपारीसारखा टणक.

पक्कड खाली गेली. “वहिनी, खरं सांगा. हे झोपेत दात खातात?”

अनसूयाबाईंनी पदर सावरला. नवऱ्याची खोड परक्यापुढं सांगायची तरी कशी? “खातात,” त्या शेवटी म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. मला वाटलं, जंत असतील. म्हणून रोज ह्यांच्या ताकात वावडिंग घालतेय.”

“अगं, म्हणून ताक कडू होय!” ढुंढिराज ओरडले. “आणि मी आपला त्या गवळ्याशी भांडतोय!”

बद्रुद्दीन हसला नाही. तो गप्प बसला असता, तर कुणाला कळणार होतं? पण ते त्याला जमेना. “महाराज, ते दोन दात चांगले होते. मी उगीच काढले. चूक माझी.”

भटजी उसळले. “अरे गाढवा! मग आता रे?”

“आता हा दात राहणार. मी लिहून देतो! रबराची बिनदातांची कवळी करतो, रात्री झोपेत दातांऐवजी ती चावा. विटाळ वाटला तर रामकुंडाच्या गंगेत बुचकळून घ्या.”

आठवड्यात कवळी झाली. दोन महिन्यांत गाल ठणकायचा थांबला. आणि बद्रुद्दीननं नेमच केला, घरच्या माणसाला विचारल्याशिवाय पक्कड उचलायची नाही. गिऱ्हाइकं चिडली, काही पळालीही. पळेनात का, त्याला फिकीर नव्हती.

पुढं एकदा तो घाटावरून चालला होता. ढुंढिराज यजमानांच्या घोळक्यात उभं राहून खणखणीत आवाजात संकल्प सांगत होते. यजमान टिकले होते. फक्त ‘स’ आणि ‘श’ तेवढे अजून त्या दोन दातांच्या फटीतून निसटत होते. बद्रुद्दीन पायरीवर थांबला आणि संकल्प पुरा होईपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिला.