होडी बांधणारा सुतार

'अब्बा गेले.' ओमानमधल्या सूरहून इब्राहिमकाकांच्या मुलाचा एवढाच निरोप आला तेव्हा मी पुण्यात आमच्या अपंग-हक्क गटाच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मथळा : 'आम्हाला देव करू नका, रॅम्प द्या!' आणि माझ्या आयुष्यातला पहिला रॅम्प करून देणारा माणूस गेला होता...

इब्राहिमकाका मूळचे रत्नागिरीकडचे, सूरला लाकडी गलबतं बांधणारे सुतार, बाबांचे दोस्त. माझे पाय जन्मापासून चालत नाहीत. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या बिल्डिंगला दोन पायऱ्या. शाळेची बस आली की बाबा मला उचलून उतरवत. काकांनी ते पाहिलं आणि पुढच्या शुक्रवारी गलबताच्या उरलेल्या फळ्या जोडून उतार ठोकला. ''यल्ला बाय, आता तुझी तू उतर.''

गलबतं बघायला आलेल्या एका जपानी अभ्यासकाने सांगितलेली गोष्ट ते दर भेटीत सांगायचे. आद्य देवदेवीचं मूल, हिरुको, तीन वर्षांचं झालं तरी उभं राहीना, म्हणून आईबापांनी त्याला होडीत घालून समुद्रात सोडलं. जुन्या ग्रंथांत पुढे काही नाही. पण मध्ययुगात किनाऱ्यावरचे लोक म्हणू लागले, ते पोर बुडालं नाही, आमच्याकडे लागलं; तोच आमचा एबिसू, कोळ्यांचा हसरा देव.

माझं डोकं फिरायचं. शेवटच्या भेटीत तर ओरडलेच, ''आधी टाकायचं, मग देव करायचा! आम्हाला 'दिव्यांग' म्हणतात ते हेच. आणि काका, तुम्हाला कुठे दुसरा देव चालतो?''

''अगो, देव त्यांचा त्यांना लखलाभ. मी होडीचं बोलतोय. एवढंसं पोर किनाऱ्याला लागलं, म्हणजे सुताराने काम चोख केलेलं.''

''म्हणजे टाकणाऱ्यांना मदतच की!''

ते म्हणाले, ''खलास. तू लिही तुझं.''

लिहिलं मी. त्या प्रूफमध्ये ओळ होती : 'होडी बांधणारा सुतारही तितकाच गुन्हेगार.' काकांना ती वाचून दाखवायची, भांडायचं, असं ठरवलं होतं. आता भांडू कुणाशी? मला अजूनही वाटतं, सुताराने नकार द्यायला हवा होता. पण नकार दिला असता तर पोर कशात बसलं असतं? की नुसतंच पाण्यात...? कळत नाही. राग येतो तो नेमका कुणाचा, तेही कळत नाही.

परवा वादी कबीरला आले. उतार अजून तिथेच आहे. शेजारणी त्यावरून बाबागाड्या नेतात. खालची फळी टोकाशी किंचित वर वळलेली, गलबतासाठी कापलेली. काकांनी ती सरळ केलीच नव्हती. दरवेळी माझ्या खुर्चीचं चाक तिथे अडखळतं. मी तिथे थांबले. पत्रक अजून छापायला दिलेलं नाही. ती ओळ कापलेली नाही, ठेवलेलीही नाही.