फ्लेक्सवरचा भलता चेहरा

मी फ्लेक्सवर भलत्याच बाईचा फोटो छापला.

गडबडीत नव्हे, चांगला निवडून छापला. मोबाईलवर 'इथिओपियन वंशाची अमेरिकन महिला कलाकार' असं शोधलं. कानात सोन्याची झुंबरं, मागं रोषणाई, असा एक झकास फोटो आला, तो कळंबच्या फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला. त्यानं विचारलंसुद्धा, "सर, ह्याच ना?" मी म्हणालो, "ह्याच." मी इंग्रजीचा प्राध्यापक. आयुष्यभर पोरांना 'आधी नीट वाचा, मग लिहा' सांगत आलो. फोटोखाली नाव होतं. ते मी वाचलं नाही.

खरा कहर पुढं आहे. आमची पाहुणी हिरुत धाराशिवच्या स्टेशनवर उतरली तेव्हा ती फोटोतल्या बाईसारखी अजिबात दिसत नव्हती. फोटोतली बाई उंच, केसांचा मोठा पसारा असलेली. ही माझ्या खांद्याएवढी, केस अगदी बारीक कापलेले, पाठीवर तिच्यापेक्षा जड पिशवी. मला शंका यायला हवी होती. आली नाही. लांबचा प्रवास, चेहरा उतरला असेल, असं मी मनाशी म्हणालो. प्रवासानं माणसाची उंची उतरत नाही, हे मला नंतर बायकोनं, सुलभानं सांगितलं.

हिरुतचा जन्म अमेरिकेतला, आईबाप इथिओपियाचे. तिकडं छोट्या छोट्या हॉलमध्ये एकटीनं उभं राहून लोकांना हसवायचं आणि त्या कमाईतून गाणाऱ्या बायकांवर फिल्म करायच्या, हा तिचा उद्योग. येडशीजवळच्या वाडीतल्या गोदाबाईंचं आराधी गाणं तिनं मोबाईलवर ऐकलं होतं. आराधी म्हणजे तुळजापूरच्या देवीची गाणी म्हणणारी. कुणा पोरानं ते चोरून घेतलं, स्वतःच्या नावानं टाकलं आणि ते जगभर फिरलं. गोदाबाईंचं नाव कुठंच नव्हतं. हिरुतनं महिनोन् महिने शोध घेतला, अखेर आमच्या कॉलेजला पत्र पाठवलं, आणि इंग्रजी येतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

ही बाई हसवण्याचा धंदा करते म्हणून मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मजा येणार. मजा कसली! इतकं चिडकं माणूस मी पाहिलेलं नाही. गाडीत बसल्यापासून तिला राग येत होता. रस्त्यात कुणी न विचारता फोटो काढला की राग, केसांना हात लावला की राग. एका टपरीवर पोरं तिच्या रंगावरून काहीबाही बोलून हसली, तर ही खाली उतरली, त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली आणि ती पोरं चहा टाकून निघून जाईपर्यंत नुसती बघत राहिली. मी म्हणालो, "जाऊ द्या, अडाणी आहेत." ती म्हणाली, "सर, राग हे माझं भांडवल आहे. मी आधी चिडते, मग हसवते. उलट केलं तर लोक नुसतेच हसतात."

पहिल्या रात्री जेवताना तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सरळ सुलभाच्या तोंडात घातला. सुलभा लाजून लाल. हिरुतच्या घरी माया दाखवायची ती अशीच म्हणे, एका ताटात जेवायचं आणि एकमेकांना घास भरवायचा. मी आपला तोंड उघडून वाट बघत बसलो. ती म्हणाली, "तुमची ओळख झाली नाही अजून."

जेवणानंतर शेजारच्या काकू तिला बघायला आल्या आणि म्हणाल्या, "रंग सोडला तर नाकीडोळी छान आहे हो!" मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही फार सुंदर आहात." हिरुतनं माझ्याकडं पाहिलं. "वाक्य मोठं होतं, सर. पहिला अर्धा भाग कुठं गेला?"

तो अर्धा भाग मी गिळला होता. दुभाष्यानं दोन्हीकडचं कडू गिळायचं असतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

दुसऱ्या दिवशी वाडीत कार्यक्रम होता, सुलभाही सोबत निघाली. खरं तर कार्यक्रम नव्हताच, फक्त गाणं होतं. गोदाबाईंच्या गळ्यात गाठ झाली होती. त्याच संध्याकाळी सोलापूरला दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि ऑपरेशननंतर आवाज राहील की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचं तर तोच एक दिवस होता. गोदाबाईंची अटही एकच होती. "गानं घ्या, पर खाली माजं नाव घाला. मागं त्या पोरानं घेतलं, समद्या मुलखात गेलं, अन् म्या हितंच."

साधं होतं. अंगणात बसायचं, गाणं घ्यायचं, निघायचं. पण परदेशी पाहुणी येणार म्हटल्यावर गावचे पुढारी आप्पासाहेब म्हणाले, सत्कार झालाच पाहिजे. आणि मी, ज्यानं नाही म्हणायचं, त्यानं मांडव, शाल, फेटा, नारळ, सूत्रसंचालन सगळं अंगावर घेतलं. कारण सूत्रसंचालक मी होतो. माईक दिसला की माझी अक्कल गहाण पडते.

वाडीच्या तोंडाशी गाडी आली आणि हिरुत म्हणाली, "थांबवा."

समोर माझा फ्लेक्स. ती उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"हिला मी ओळखते," ती म्हणाली. "ही गाते. फार छान गाते. माझ्या गावात लोक लिफ्टमध्ये मला हिच्या नावानं हाक मारतात. मी सही करून देते, हिच्या नावानं, वर एक घाणेरडी शिवी लिहून. मला वाटलं होतं, इतक्या लांब तरी..." मी 'फ्लेक्सवाल्यानं घोळ केला' म्हणणार होतो, तेवढ्यात तिनं विचारलं, "ठीक आहे. माझा चेहरा चुकला. गोदाबाईंचा कुठंय?"

मी पाहिलं. आप्पासाहेब होते, जीपएवढे. त्यांचे चिरंजीव होते. चिरंजीवांचे मित्र होते, काळे चष्मे लावून. कोपऱ्यात हात जोडलेला मी होतो. माझा फोटो मात्र अचूक होता. गोदाबाई नव्हत्या.

"माझी आई हॉटेलात गायची," हिरुत म्हणाली. "बाहेर पोस्टर लागायचं, त्यावर हॉटेलमालकाचा फोटो. लोक मालकाला म्हणायचे, काय सुंदर गाणं झालं हो. मी लहानपणापासून हा फ्लेक्स बघतेय, सर. तुम्ही नवीन काही केलेलं नाही."

याचा मला आजही राग येतो. तिचा नव्हे. आमचा. ज्यांनी उभ्या जन्मात गावासाठी एक खड्डा बुजवला नाही, त्यांची तोंडं चौकाचौकात टांगायची, वाढदिवसाला टांगायची, निवडीला टांगायची, आणि जिच्यामुळं सातासमुद्रापलीकडून माणूस शोधत आलं, तिला मांडवामागं आचाऱ्याच्या भांड्यांशेजारी बसवायचं. होय, तिथंच बसल्या होत्या गोदाबाई, संबळ वाजवणाऱ्या वाडीतल्या एका पोरासोबत, उन्हात. कार्यक्रमाच्या क्रमात त्यांची जागा मीच ठरवली होती. सगळ्यात शेवटी, 'वेळ उरल्यास'.

वेळ उरणार नव्हताच. आप्पासाहेब बोलायला उभे राहिले. आधी गावाचा इतिहास, मग स्वतःचा, मग त्यांनी खोदलेल्या विहिरीचा. ऊन कलायला लागलं. गोदाबाईंचा मुलगा दोनदा येऊन माझ्याकडं बघून गेला. मी मान हलवून 'थोडं थांब' म्हणालो. त्याच्या आईच्या आवाजाचे शेवटचे तास चालले होते आणि मी त्याला 'थोडं थांब' म्हणत होतो.

हिरुत उठली. अंगावरची शाल सावरली, आप्पासाहेबांसमोर गेली आणि त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. ओढला नाही. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसा काढून घेतला. मला खूण केली, भाषांतर करा.

ती म्हणाली, "तुमच्याकडं पाहुण्याला शाल देतात. मला वाटलं तोंड झाकायला दिलीय, कारण बोर्डावर दुसरीच बाई आहे."

मी म्हणालो, "पाहुण्यांना शाल फार आवडली आहे."

टाळ्या.

ती म्हणाली, "मी अर्ध्या पृथ्वीचा वळसा घालून एका बाईचं गाणं ऐकायला आले, आणि दुपारपासून एका पुरुषाची विहीर ऐकतेय."

मी म्हणालो, "आप्पासाहेबांचं कार्य पाहून त्या भारावून गेल्या आहेत."

पुन्हा टाळ्या. आप्पासाहेबांनी हात जोडले. हिरुतनं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हसवणाऱ्या माणसाला टाळ्यांनी फसवता येत नाही. हशा कुठं पडायला हवा होता, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तेवढ्यात मांडवामागून आवाज आला. गाठ असलेला, पण खणखणीत.

"ओ मास्तर! ती बया शिव्या द्यायलीय, अन् तुमी पेढं वाटायलाव व्हय? नीट सांगा की काय म्हणती ते!"

गोदाबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण राग कसा दिसतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्या कानशिलात जाळ निघाला. मी माईक घेतला आणि दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. मग मागं बसलेल्या बायकांमधून एक फिस्सकन् हसली, तिच्यामागं दुसरी, आणि मग अख्खी मागची बाजू फुटली. मला चेव आला. मी पदरची दोन वाक्यं घातली. म्हणालो, विहीर कोरडी आहे, आणि हा फ्लेक्स बनवणारा मूर्ख तुमच्यासमोर उभा आहे. हिरुतला ते कळलं नाही, पण हशा बरोबर जागी पडला म्हणून तिनं मान डोलावली.

आप्पासाहेब उठले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, बघून घेईन." त्यांच्यामागं चिरंजीव, चिरंजीवांमागं मित्र, आणि मित्रांमागं मांडववाला, तो जाता जाता जनरेटर बंद करून गेला. स्पीकर मेले. मला वाटलं, संपलं. मी हिरुतला म्हणालो, "आता आवाजाची सोय..."

"सर, मशीन माझ्या पिशवीत आहे. तुमचे स्पीकर मला कधी हवे होते?"

गोदाबाई उठल्या. "ह्या मांडवात म्या न्हाय म्हणायची. घरला चला."

अंगणात बसायला काही नव्हतं. गोदाबाईंच्या मुलानं फ्लेक्स कापून आणला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर अंथरला. हिरुतनं त्या गायिकेचा चेहरा असलेला कोपरा जपून आत दुमडला. "हिच्यावर बसू नका. हिची काय चूक?" गोदाबाई पदर खोचून आप्पासाहेबांच्या मिशीवर ऐसपैस बसल्या. मला बसायला माझ्याच जोडलेल्या हातांवर जागा मिळाली.

हिरुत म्हणाली, "आधी नाव सांगा. कॅमेऱ्याकडं बघून."

गोदाबाईंनी कॅमेऱ्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरकेल असं मला वाटलं. "म्या गोदाबाई. पारूबाईची लेक. गानं माजं हाय."

आणि मग त्या गायल्या. विनवणीचं गाणं नव्हतं ते. भांडण होतं. गळा तूच दिलास अन् गाठ तूच बांधलीस, आता तुझ्या दारात कुणी गायचं ते तूच सांग, असा देवीला जाब होता. मधेच आवाज फाटायचा, तिथं त्या थांबायच्या नाहीत, फाटलेल्या आवाजानंच पुढं जायच्या. संबळ वाजवणाऱ्या पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिरुतच्या नाही. तिचा जबडा आवळलेला होता. गाणं संपल्यावर तिनं मशीन तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मग सुनेनं आणलेल्या भाकरीचा पहिला घास गोदाबाईंच्या तोंडाशी नेला.

"म्या काय तान्ही हाय?" गोदाबाई खेकसल्या. घास घेतला मात्र. मग तिच्याच ताटातला तुकडा मोडून तिच्या तोंडात कोंबला. "खा. वाळून गेलीस चिडून चिडून."

सुलभाला घास मिळाला, सुनेला मिळाला, संबळवाल्याला मिळाला. मी तोंड उघडलं. हिरुत म्हणाली, "तुमच्या तोंडाला आज पुष्कळ काम झालंय."

आम्ही आलो होतो त्याच गाडीनं गोदाबाई सोलापूरला गेल्या.

दोन दिवसांनी धाराशिव स्टेशनवर हिरुतला सोडायला गेलो. निरोपाचं छोटंसं भाषण मी पाठ करून ठेवलं होतं, इंग्रजीत, क्षमायाचनेसह. गाडी आली, मी घसा खाकरला, "आज या प्रसंगी..." एवढंच म्हटलं असेन, तोच तिनं सुलभानं बांधून दिलेल्या धपाट्याचा मोठा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. सगळ्या फलाटासमोर. मला बोलता येईना, गिळता येईना. माया की तोंड बंद करायची युक्ती, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा घास संपेपर्यंत ती डब्यात चढलेली होती. "लई झालं, सर," ती दारातून ओरडली. गोदाबाईंकडून ती एवढंच मराठी शिकली होती.

काही महिन्यांनी फिल्म आली. मी मोबाईल घेऊन वाडीला गेलो. गोदाबाई अंगणात बसल्या होत्या, गळ्यावर लांब व्रण. आवाज गेला होता, नुसती कुजबूज उरली होती, तीही डॉक्टरांनी जपून वापरायला सांगितलेली. फिल्म सुरू झाली. काळ्या पडद्यावर आधी फक्त नाव, मराठीत, पडदाभर. गोदाबाई. मग त्यांचा आवाज. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि स्वतःचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे न मिटता.

शेवटी सगळ्यांची नावं आली, प्रत्येकाच्या नावासोबत फोटो. गोदाबाई, त्यांचा मुलगा, सून, संबळवाला, सुलभा. मग 'दुभाषी' म्हणून माझं नाव. त्याखाली कुणी भलताच माणूस. देखणा, भरघोस केसांचा, मिशीवाला, बहुधा केरळातला, हात जोडून उभा.

मी भडकलो. "बघा हो, गोदाबाई! हा मी आहे का? नाव माझं आणि तोंड कुणाचं!"

गोदाबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. त्या माणसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. आणि जपून ठेवलेली कुजबूज त्यांनी माझ्यावर खर्च केली.

"ह्यो बरा दिसतोय. ह्यालाच ठिवा."