मांजरीच्या छातीतली गुडगुड

आमच्या गॅरेजातल्या मांजरीला मोटारसायकलची धडक बसली ती भर दुपारी, पांढरकवड्याच्या हायवेकडेला. रक्त नाही, मोडलेलं हाड नाही. पण तिसऱ्या दिवशीही ती कोपरं फाकवून, मान लांब करून नुसती बसून होती. आडवी पडेचना. कुशी भराभर हलत होत्या.

बाबा ट्रकचे मेकॅनिक. इंजिनाला लांब पेचकस टेकवून, मूठ कानाशी धरून ते बिघाड सांगतात. त्यांनी मांजरीच्या बरगड्यांना कान लावला आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"छातीत गुडगुड ऐकू येऊन राह्यली वं," ते मला म्हणाले. "पोटाचा आवाज वरतं कायले येते?"

मी हसले होते. तिला नागपूरला नेलं आणि जनावरांच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला तेव्हा ते हसू आठवून लाज वाटली. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा धक्क्यानं फाटला होता. यकृताचा तुकडा आणि आतड्याचं वेटोळं वर सरकून फुफ्फुस दाबत होतं.

"पोट फाडान काय?" बाबांनी विचारलं.

"आधी तीन बारीक छिद्रं. एकातून दुर्बीण, दोनांतून अवजारं. नाहीच जमलं तर फाडावं लागेल. ऑपरेशन होईपर्यंत तिचा श्वास मशीन घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. हिरव्या कापडाखाली मांजर दिसतच नव्हती. दिसत होती ती फक्त स्क्रीन. तिच्यात गुलाबी, ओलसर उजेड होता आणि पाण्याखाली चालावं तसं सगळं सावकाश चाललेलं. एक चिमटा आला, आतड्याला हळूच धरून खाली घेऊन गेला. मग काळसर यकृत घसरलं. फाटलेल्या जागेतून पलीकडचं हृदय धडधडताना दिसलं. चार वर्षं माझ्या मांडीवर झोपणाऱ्या जिवाच्या आत एवढी मोठी जागा असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

वाकडी सुई एका काठातून शिरे, दुसऱ्यातून निघे. प्रत्येक टाक्याला बाबांची बोटं हवेत दोरा ओढत होती. शेवटची फट बुजायच्या आधी पलीकडे चिमटलेलं फुफ्फुस हळूहळू फुललं, फिकट गुलाबी झालं. बाबांनी डोळे पुसले, आणि मग घामच आहे असं दाखवायला मानही पुसली.

चार दिवसांनी तिला घेऊन घरी निघालो. गाडी मी चालवत होते. मागे बाबांच्या मांडीवर टोपली. तिच्यात ती कुशीवर सैल पडलेली, पोटावर तीन लहान टाके. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत फुटलेला कापूस उन्हात स्थिर उभा होता.

"हिले सपन पडत असन काय वं?" बाबांनी विचारलं.

मी आरशात पाहिलं. तिचा पंजा झोपेत थरथरत होता. गावात उतरायचा फाटा मागे गेला. आम्हा दोघांनाही तो दिसला होता. तिची झोप मोडायला नको म्हणून मी गाडी तशीच पुढे जाऊ दिली.