बाकावरून मोजलेल्या उड्या

शाळेचं ते पत्र अजून माझ्या दुकानाच्या गल्ल्याखाली आहे. इथे जपानमध्ये, कोतो भागातल्या जपानी शाळेत मुलांची दरवर्षी उंची-वजनं घेतात. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचं वजन जास्त आहे, खाण्याकडे आणि व्यायामाकडे लक्ष द्यावं, एवढंच त्यात होतं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. लहानपणी शाळेत मी उपाशीपोटी कवायत केलेली आहे. इथली नोकरी संपल्यावर डाळी-मसाल्यांचं दुकान एकट्याच्या हिमतीवर उभं केलं. माझी मुलगी पोळीवर हवं तेवढं तूप घेते याचा मला अभिमान. आणि हे मला शिकवणार?

"अहो, पण खोटं काय लिहिलंय त्यात?" बायको म्हणाली.

"तू त्यांची वकिली करू नकोस."

थंडीत रोज सकाळी मुलांना मैदानात पळवणार, असंही पत्रात होतं. मी पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. छातीत धडधड होते, श्रम टाळावेत, असं सर्टिफिकेट दोन दिवसांत मेलवर आलं. आमच्या वेळी असा कागद दिला की पीटीचे सर हसून फाइलला लावायचे. मी तो शाळेत देऊन मोकळा झालो. घरी कुणाला बोललो नाही.

तीन आठवड्यांनी मुलगी ताट सरकवायला लागली. तूप नको, भात नको. बायकोने खोदून विचारलं तेव्हा बोलली. वर्गावर्गांत दोरीउड्यांची स्पर्धा होती. दोघांनी लांब दोर फिरवायचा, बाकीच्यांनी एकामागोमाग आत शिरून उडी मारायची आणि पलीकडे निघायचं.

"मी अडखळते ना, म्हणून मला बाहेर काढलंय. बाकावर बसून मोजायचं फक्त."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शाळेत गेलो. माझं जपानी घाऊक बाजारात भाव पाडण्यापुरतं, त्यामुळे दुभाषी तीच.

"विचार बाईंना, जाड मुलांना इथे बाहेर बसवतात का?"

"बाबा, असं नाही विचारायचं."

"विचार म्हणतो ना!"

तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं. नक्कीच सौम्य करून. बाई उठल्या, एक फाइल आणली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. आत पुण्याचं सर्टिफिकेट. त्याला जपानी भाषांतर जोडलेलं. खाली यादी: धावणं, दोरी, पोहणं. प्रत्येकापुढे फुली. बाई मुलीशी अगदी सावकाश बोलल्या.

मुलीचा हात छातीवर गेला.

"बाबा, त्या म्हणतात हा कागद तुम्हीच दिलाय. घरी मला सांगितलं असेल असं त्यांना वाटलं. माझ्या हार्टला काय झालंय?"

सौद्यात मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. त्या दिवशी ते जमलं नाही.

"काही झालेलं नाही. कागद खोटा आहे. सांग त्यांना."

मग तिने सांगितलं. या वेळी काहीही सौम्य केलं नाही. तेवढं जपानी मला कळतं.

मग मी घासाघीस सुरू केली. मी सही देतो, जबाबदारी माझी, शुक्रवारच्या स्पर्धेत तेवढं तिला घ्या. बाई दर वेळी मान लववून तेच सांगत होत्या: इथल्या डॉक्टरांचा अहवाल आणा. मी टेबलावर हात आपटला. मुलीने माझी बाही ओढली.

आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. तपासणी झाली, पण अहवाल सोमवारी मिळणार होता. तिथेही मी भांडलो. सोमवारचा शुक्रवार झाला नाही.

शुक्रवारी ती बाकावर बसून मोजत राहिली. घरी आली ती दप्तर पाठीवर ठेवूनच उभी राहिली.

"बाबा, आमच्या वर्गाचा रेकॉर्ड झाला. मी नव्हते म्हणून."

बायको आत निघून गेली.

सोमवारी अहवाल शाळेत नेऊन दिला. हृदय ठणठणीत. संध्याकाळी मुलीने दुकानातून दोर उचलला, एक टोक खाली सायकल स्टँडच्या खांबाला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"फिरवा."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"बोलू नका. मोजा."

चौथ्या उडीला तिचा पाय अडकला.

"जवळजवळ झालीच होती," मी म्हणालो. "चार धरू."

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यापासून."