सहा पंचवीसची सूचना

जुन्या रेडिओची आठवण निघाली की माणसं हटकून गाण्यांबद्दल बोलतात. सूचनांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. खरं तर त्या छोट्या केंद्राचा सगळा जीव सूचनांमध्येच होता. पाण्याच्या टाकीमागे तीन खोल्यांची बैठी इमारत, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेली पोती, आणि एक पंखा. हा पंखा लाल दिवा लागला की बंद करावा लागे, कारण तो निवेदकापेक्षा मोठ्याने बोलायचा. तिथून रोज संध्याकाळी बाजारभाव सांगत, मग नळाला पाणी कधी येणार ते, मग कुठला रस्ता बंद आहे ते. आणि सहा वाजून पंचवीस मिनिटांनी हरवलेल्या माणसांची सूचना. ती मात्र बाईंनीच वाचायची.

त्यांना सगळे बाईच म्हणत. पाठीमागे घड्याळबाई, कारण त्यांनी वेळ सांगितली की निम्मं गाव मनगटावरचे काटे फिरवायचं. अठरा वर्षांत त्यांची जीभ एकदाही अडखळली नव्हती. त्या आवाजापायी एक श्रोता दर महिन्याला पत्रातून लग्नाची मागणी घालायचा. एकदा तो सरळ केंद्रावरच आला, बाईंना पाहिलं, दिलेलं पाणी उभ्याउभ्या प्यायला आणि निघून गेला. पत्रं बंद झाली. ही गोष्ट बाई स्वतःच हसून सांगायच्या. "बिचाऱ्याचा चष्मा त्या दिवशी नेमका स्वच्छ होता," म्हणायच्या. लग्न राहूनच गेलं. घरात त्या आणि त्यांचे वडील, एवढाच संसार.

माणूस हरवला की घरचे लोक पोलिसांचं पत्र घेऊन केंद्रावर यायचे. बाई समोर छापील कागद ठेवून एकेक विचारायच्या. वय, उंची, अंगावरच्या खुणा, कपडे. कपड्यांपाशी सगळे गडबडायचे.

"निळा शर्ट... नाही, हिरवा. हिरवाच असेल बहुधा."

"बहुधा इथे चालत नाही. तुमच्याच घरातला माणूस ना? मग घरातून जाताना अंगावर काय होतं ते सांगता येऊ नये?"

हा त्यांचा नियमच होता. 'बहुधा', 'असावा', 'वाटतं' असले शब्द त्या सूचनेत येऊच द्यायच्या नाहीत. ऐकणारा माणूस रस्त्यावर उभा असतो, समोरचा चेहरा त्याला अनोळखी असतो, त्याला पक्कं काहीतरी हाताशी द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एका आईला त्यांनी ढसाढसा रडवून घरी परत पाठवलं होतं, फ्रॉकचा रंग नक्की करून या म्हणून. त्या माउलीने कपाट उपसून रंग नक्की केला आणि पोरगी दुसऱ्या दिवशी सापडली. तेव्हापासून बाईंच्या शिस्तीला कोणी नावं ठेवली नाहीत. त्यांनाही आपल्या शिस्तीचा थोडा ताठा होता, हे कबूल करायला हवं.

वडील सर्व्हे ऑफिसातून नकाशे काढून काढून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना रस्ते आखून दिलेला हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर न्हाणीघराकडून स्वयंपाकघराकडे जाताना वाट चुकू लागला. पण सहा पंचवीस मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. रेडिओला कान लावून बसायचे आणि बाई घरी आल्या की निकाल द्यायचे, "आज स्वच्छ ऐकू आलीस हो." पोरीचं नाव विसरले तरी आवाज विसरले नव्हते. बाईंना तेवढ्यावर भागवून घ्यायची सवय झाली होती.

सकाळच्या पाळीला बाई पहाटेच निघायच्या. वडील झोपलेले असायचे. त्यांचे कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवलेले असत, आणि आठ वाजता शेजारच्या काकू येऊन चहा-पाव द्यायच्या. त्या दिवशी खुर्चीवर नवा शर्ट होता, निळ्या चौकड्यांचा, बाईंनी गेल्याच आठवड्यात आणलेला. आणि नेमक्या त्याच दिवशी काकूंना सुनेला घेऊन दवाखान्यात धावावं लागलं. बाई अकराला घरी आल्या तर दार सताड उघडं, खुर्ची रिकामी, घरात कोणी नाही.

त्यांनी गल्ली पालथी घातली. न्हाव्याचं दुकान, बाग, सर्व्हे ऑफिसचं फाटक, सगळीकडे विचारून झालं. दुपारी त्या पोलीस चौकीत बसल्या तेव्हा हवालदाराने तोच प्रश्न विचारला, जो त्या अठरा वर्षं दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या.

"अंगावर काय होतं?"

"निळ्या चौकड्यांचा शर्ट," बाई म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत. खुर्चीवर ठेवलेला शर्ट खुर्चीवर नाही, म्हणजे तो अंगावर गेला. दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. वडिलांना घरातून जाताना त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

संध्याकाळी ड्युटी ऑफिसर स्वतः दारात उभे राहिले. "बाई, आज राहू द्या. मी वाचतो."

"नको, साहेब. लोक माझ्या आवाजाला थांबतात. तुम्ही वाचलंत तर स्टेशन बदलतील."

"अहो, पण तुमच्याने होईल का?"

"दुसऱ्यांच्या बापांचं वाचलंच ना इतकी वर्षं?"

पंखा बंद झाला, लाल दिवा लागला. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत, असं सांगून बाईंनी वडिलांचं नाव वाचलं, वय एकाहत्तर वाचलं, डाव्या भुवईवरची जुनी खूण वाचली, आणि मग निळ्या चौकड्यांचा शर्ट. आवाज तसूभरही हलला नाही. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने मान खाली घालून ठेवली होती. दिवा विझल्यावर बाईंनी कागदाची घडी घालून तो दुसऱ्या दिवसासाठी खणात ठेवला.

पुढचे दोन दिवस त्यांनी तीच सूचना पुन्हा वाचली. निरोपांचा पाऊस पडला. गावात निळ्या चौकड्यांच्या शर्टांची इतकी चलती आहे याची कोणाला कल्पना नव्हती! एका म्हाताऱ्याला लोकांनी बाजारातून उचलून चौकीत नेऊन बसवलं. तो बाईंना बघून असा भडकला की काही विचारू नका. त्यांनी हात जोडून त्याची माफी मागितली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडल्या. सरकारी दवाखान्यात एक बेवारस म्हातारा आल्याचं कळलं तेव्हा त्या तिथेही गेल्या. वॉर्डबॉयने पायरीवरच सांगितलं, "त्याच्या अंगात स्वेटर आहे, बाई." त्या चेहरा न बघताच परतल्या. वाटेत त्यांना इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी वडिलांची गादी उचलली. कशासाठी उचलली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात दुसरं काही उचलण्यासारखं उरलंच नव्हतं. गादीखाली वर्तमानपत्रात घडी घालून तो शर्ट ठेवलेला होता. बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली, बाह्या आत दुमडलेल्या, नकाशा ठेवावा तसा. पोरीने आणलेली चांगली वस्तू रोजच्याला कशाला खराब करायची, असा त्यांचा जन्माचा स्वभाव. बाईंना तो पाठ होता आणि तरी सुचला नाही. त्या धावत मोरीपाशी गेल्या. फरशी पुसायला म्हणून टाकलेला तपकिरी शर्ट, कॉलर विरलेला, कोपरावर फाटलेला, बादलीवरून नाहीसा झाला होता.

म्हणजे तीन दिवस त्या सगळ्या मुलखाला भलत्याच माणसाला शोधायला लावत होत्या.

आधी त्या दवाखान्यात धावल्या. स्वेटरवाला म्हातारा दुसराच निघाला. तिथून केंद्रावर. ड्युटी ऑफिसरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"दुरुस्ती द्यायची तर पोलिसांचं नवं पत्र लागेल, बाई. मनाने बदलता येत नाही. तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"मीच सांगते. आणि आज मीच मोडते. उद्या मला काढून टाका."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. हो म्हणाले नाहीत, पण आडवेही आले नाहीत. सहा पंचवीसला बाईंनी हातातला कागद पालथा ठेवला. "गेले तीन दिवस मी सांगितलेला शर्ट चुकीचा होता," त्या म्हणाल्या. "अंगात तपकिरी शर्ट आहे, जुना, फाटका. ते माझे वडील आहेत. त्यांना जाताना मी पाहिलं नव्हतं, तरी पाहिल्यासारखं सांगितलं. कोणी त्यांना पाहिलं असेल तर कृपा करून..." इथे अठरा वर्षांत पहिल्यांदा आवाज अडखळला, आणि तंत्रज्ञाने घाईने संगीताची तबकडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बसने एक सायकल दुरुस्तीवाला केंद्रावर आला. पन्नाशीचा, नखांत काळं वंगण. गावापासून दीड तासावर तीन रस्ते एकत्र येतात, तिथे त्याचं दुकान. तो बाईंसमोर बसेचना.

"ताई, ते माझ्या दुकानात बसले होते. परवा. तपकिरी शर्ट."

बाईंनी त्याचा हात घट्ट धरला. "कुठे आहेत?"

"पाणी प्यायले, चहा प्यायले. तासभर बाकावर बसले. मग पावणेसातची बस आली, तिच्यात बसवून दिलं मी. तेच म्हणाले, बसवून द्या म्हणून."

"कुठे जायचं म्हणाले?"

"मुलीला घरी आणायचंय म्हणाले. तिची ड्युटी सुटायची वेळ झाली म्हणाले. मी विचारलं, कुठे असते? तर त्यांनी बसकडे बोट दाखवलं. ती उलट्या बाजूला जाणारी होती, ताई. मला काय ठाऊक?"

दोघं त्याच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे एक पत्र्याची शेड होती, एक हातपंप आणि पुढे नुसती वाट. कंडक्टरला आठवलं, म्हातारबाबा इथेच उतरले होते. कुठे गेले ते त्याने पाहिलं नव्हतं. बाईंनी त्या वाटेवरच्या प्रत्येक घराचं दार वाजवलं. विहिरींत वाकून पाहिलं. हाका मारल्या, आणि हाका मारताना त्यांना कळेना की मोकळ्या रानात हा आवाज एवढासा का होतो. ऊन उतरेपर्यंत दोघं फिरत होते. त्या दिवशी वडील सापडले नाहीत. त्यानंतरही कधी सापडले नाहीत, हे आताच सांगून टाकलेलं बरं. उगाच कोणी आशा धरून बसायला नको.

परतीच्या बसमध्ये सायकलवाला शेजारी बसला होता. हातातल्या टोपीची घडी घालत होता आणि उलगडत होता. त्याच्या दुकानाचा तिठा जवळ आला तशी त्याची चुळबुळ वाढली.

"ताई, एक सांगायचं राहिलंय. सकाळी धीर झाला नाही."

"सांगा, भाऊ. आता काय व्हायचं राहिलंय?"

"दुकानात रेडिओ लावलेला असतो माझा. ते बसलेले असतानाच तुमची सूचना लागली. नाव ऐकलं तशी त्यांनी मान वर केली. भुवईवरची खूण मी स्वतः पाहिली. म्हटलं, आजोबा, हे तुम्हीच तर नाही? ते हो म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं त्यांनी."

बस खड्ड्यातून गेली.

"तेवढ्यात तुम्ही शर्ट सांगितलात. त्यांनी खाली वाकून पाहिलं. शर्टाचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि किती वेळ नुसतं बघत बसले. मग मान हलवली. म्हणाले, 'नाही हो, हा मी नाही. ही माझी मुलगी बोलतेय. ती कधी चुकीचं सांगत नाही.'"

"मला ते भ्रमातलं बोलणं वाटलं, ताई." सायकलवाल्याने टोपी डोळ्यांना लावली.

"आणि मला म्हणाले, 'कोण बिचारा म्हातारा आहे कोणास ठाऊक. तुम्हाला दिसला, तर त्याला घरी नेऊन सोडा.'"