भिंगावरचा हात

अमेरिकेतल्या बहिणीला तीन वर्षांत आई दिसली नव्हती, म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जयनगरच्या घरी मी वेबकॅम आणला. तो लागेचना. चामराजपेटेहून पन्नाशीचे एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले आले. त्यांनी केबल काढून दुसऱ्या पोर्टमध्ये बसवली, सीडीवरून ड्रायव्हर पुन्हा टाकला. कॅमेऱ्याचा दिवा लागताच त्यांनी भिंगावर तळहात ठेवला.

"अजून बिघाड आहे का, अण्णा?" मी विचारलं.

"नाही. अक्कांना बोलवा," ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "पहिला चेहरा घरच्यांचा येऊ दे."

अक्का म्हणजे आई. ती समोर बसल्यावरच त्यांनी हात काढला. यांचं कोण लांब राहत असेल, असं विचारावंसं वाटलं. पण पडद्यावर केस सारखे करणाऱ्या आईकडे ते टक लावून बघत होते.