टाकीचा जिना

इंटरव्हलला धाकट्या बहिणीने पॉपकॉर्न माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, “ताई, पुस्तकातला जिना असा नव्हता.”

सिनेमात संगमरवरी जिना दाखवला होता. दिवसा बगळा होऊन उडणाऱ्या राजपुत्राची वाट बघत राजकन्या त्याच्या वरच्या पायरीवर बसली होती.

“मग कसा होता?”

“लोखंडी, गोल. आपल्या टाकीचा.”

ज्या कादंबरीवरून हा सिनेमा काढला, तिच्यात लोखंडाचा उल्लेख कुठेच नाही. नुसता उंच, वळणावळणाचा जिना आहे. शाळेत असताना आम्ही दोघींनी एकच प्रत आळीपाळीने वाचली होती. कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचा जिना दोघींनीही, एकमेकींना न सांगता, राजकन्येला देऊन टाकला होता.

कादंबरी वाचणाऱ्याकडे असं काहीतरी मागत असते. सिनेमा काही मागत नाही, सगळं स्वतःच घेऊन येतो. बघायला छान होता, तक्रार नाही. पुस्तकाचंही त्याने काही बिघडवलं नाही, ते कपाटात आहे तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जाताना, इतक्या वर्षांच्या सवयीने, टाकीपाशी मान वर गेली. जिन्याच्या कठड्यावर एक बगळा बसला होता. नुसता बगळा.